तीन पट्ट्या खाली

माझी पेटी स्केल चेंजर आहे. बाजूची कळ सैल केली की पट्ट्यांची अख्खी फळी डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. बोटं होती तिथंच राहतात, सूर तेवढा चढतो किंवा उतरतो. भजनी मंडळात ही सोय फार कामाची. आमचे एक बुवा अभंग पांढरी दोनमध्ये, म्हणजे दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा मानून, धरतात, चौथ्या कडव्यापर्यंत आपसूक काळी दोनला पोचतात आणि वर माझ्याकडेच रोखून बघतात. मी मुकाट्यानं फळी सरकवतो. पण गेल्या वर्षभरात ही फळी जेवढी सरकली तेवढी आधीच्या पंधरा वर्षांत सरकली नसेल. त्याचं श्रेय माझ्या भाचीला. वय वर्षं १३, दातांना तारा, पाठीवर युकुलेलेची, म्हणजे चार तारांच्या चिमुकल्या गिटारची पिशवी, मनगटावर मण्यांची सात-आठ ब्रेसलेटं. एकेका मण्यावर एकेक इंग्रजी अक्षर, आणि ती ओवून गाण्यांची नावं केलेली. टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमाला आलेल्या अनोळखी मुली अशी ब्रेसलेटं एकमेकींना देतात, हे ज्ञान मला तिच्याकडूनच मिळालं.

एका शनिवारी ती आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "मामा, मला इंग्लिश गाणी म्हणायचीयत. नीट म्हणायचीयत, नुसती बाथरूममध्ये नाही."

"मग मी काय करू? मला कुठं येतात?"

"मला येतात. तू फक्त पट्टी शोधून दे."

मी पेटीवाला. पट्टी शोधून द्यायची आणि गाणाऱ्याच्या मागं मागं जायचं, एवढंच आमचं काम. पण त्या दिवशी माझ्यातला मामा जरा जास्तच जागा झाला. रात्री बसून मी बँकेच्या जुन्या डायरीत या वयाच्या मुलीला 'योग्य' अशा गाण्यांची यादी केली. कार्पेंटर्सचं 'टॉप ऑफ द वर्ल्ड', कारण कॅरन कार्पेंटरचा आवाज खालचा, भरीव, आणि शब्द इतके स्वच्छ की ऐकून शुद्धलेखन लिहावं. कॅरोल किंगचं 'यूव्ह गॉट अ फ्रेंड'. अ‍ॅबाचं 'आय हॅव अ ड्रीम', त्यात शेवटी शाळकरी मुलांचा कोरस आहे म्हणून. बीटल्सची तीन. आणि आपण अगदीच जुनाट दिसू नये म्हणून ब्रूनो मार्सचं 'काउंट ऑन मी'. मैत्रीचं गाणं, चाल सोपी, कुणाच्या आईला हरकत नाही.

भाचीनं यादी वाचली आणि म्हणाली, "छान आहे."

तेरा वर्षांच्या मुलीचं 'छान आहे' म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात तेरा वर्षांची मुलगी आहे त्यांना सांगायला नको. मग तिनं विचारलं, "यातली तू कुठली म्हणायचास, माझ्याएवढा असताना?"

खरं उत्तर होतं, एकही नाही.

मी मिरजेचा. एका बाजूला छपरांवर तंबोऱ्यांचे भोपळे वाळत घातलेले, आणि दुसऱ्या बाजूला समोरच्या घरातल्या टेपवर बोनी एम. मला अजून लिहिता-वाचता येणारं इंग्रजी येत नव्हतं, पण 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' मी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत म्हणायचो. जे तोंडाला येईल ते. बॅबिलॉन हे कुणा मुलीचं नाव असावं अशी माझी समजूत होती. एका वरातीत बँडवाल्यांना ते वाजवायला लावून आम्ही पोरं पाटलांच्या वाड्यापासून तळ्यापर्यंत नाचल्याचं मला स्पष्ट आठवतं.

पुढं बँकेत लागल्यावर मिरजेच्याच मिशन कंपाउंडात वाढलेला एक सहकारी भेटला. त्यानं मराठी बायबल काढून स्तोत्रसंहितेतलं १३७वं स्तोत्र माझ्यापुढं ठेवलं. आपला देश गमावून परमुलखात नेलेली माणसं बाबेलच्या, म्हणजे त्याच बॅबिलॉनच्या, नद्यांकाठी बसून रडतात. वाद्यं झाडांना टांगून ठेवलेली. आणि ज्यांनी कैद केलं तेच म्हणतायत, म्हणा की तुमच्याकडचं एखादं गाणं. जमैकाच्या मेलोडियन्स नावाच्या त्रिकुटानं १९७० साली त्याला चाल लावली, १९७८ साली बोनी एम.नं त्यावर जगाला नाचवलं. त्या बोनी एम.मधला पुरुषी आवाजही स्टेजवर नाचणाऱ्या गड्याचा नव्हताच. तो जर्मन निर्माता फ्रँक फॅरियनचा. म्हणजे मिरजेच्या वरातीत आम्ही नाचलो ते एका भजनावर, तेही रडण्याच्या, आणि तेही भलत्याच माणसाच्या आवाजातल्या.

हे सगळं भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुला काही कळत नव्हतं आणि तरी मजा आली."

"हो."

"मग मला यादी कशाला?"

डायरी मी परत कपाटात ठेवली.

तिनं पहिलं गाणं निवडलं ते अडेलचं 'समवन लाइक यू'. माझी आई, म्हणजे तिची आजी, शेजारी शेंगा सोलत बसलेली. तिला अर्थ जाणून घेतल्याशिवाय कुठलंही गाणं पचत नाही. भाचीनं एका दमात सांगितलं, "त्याचं आता दुसरीशी लग्न झालंय आणि ही न सांगता त्याच्या दारात जाते."

आई म्हणाली, "अगं, म्हणजे विराणी."

तिथं विषय संपला. आईला वाटलं नाही की हे पोरीच्या वयाला न शोभणारं आहे, आणि मीच विचारात पडलो की मला ते का वाटत होतं. ज्या अल्बमात हे गाणं आहे त्याचं नाव '२१', ते अडेलचं त्या वेळचं वय. आपल्याकडं विरहिणी लिहिणाऱ्या ज्ञानोबांनी २१व्या वर्षी समाधी घेतली. तुलना करत नाही, तेवढी अक्कल आहे. पण आई 'घनु वाजे घुणघुणा' ज्या सहजतेनं भाजी निवडताना म्हणते, त्याच सहजतेनं तिनं अडेलला आत घेतलं एवढंच सांगतोय.

आणि शास्त्रीय संगीताच्या क्लासात काय चालतं? आठ-नऊ वर्षांच्या मुली परीक्षेसाठी बंदिशी पाठ करतात. पिया परदेशी, सैंया रुसलेला, सास आणि ननंद जाग्या, पैंजण वाजतात म्हणून पाय जपून टाकायचा. त्यांना विचारा 'सौतन' म्हणजे काय. माझ्या शेजारच्या मुलीनं सांगितलं होतं, "सुतार असेल." तिला विशेष योग्यता मिळाली. तेव्हा इंग्रजी गाण्यातलं प्रेम कानाला टोचतं ते प्रेमामुळं टोचत नाही, ते आपल्याला नको तेवढं कळतं म्हणून टोचतं. अर्थात हे औदार्य मलाही सगळीकडं झेपत नाही. एड शीरनच्या 'शेप ऑफ यू' या देहाच्या ओढीच्या गाण्यावर एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये चौथीतल्या मुलांना नाचताना मी पाहिलंय. भाचीनं ते काढलं तेव्हा मी पेटी मिटली आणि म्हणालो, हे तू मैत्रिणींबरोबर म्हण. सोवळं म्हणून नाही. मामा साथीला बसल्यावर मामालाच कुठं बघावं कळेना.

अडेलचं गाणं शेवटी सुटलं ते वेगळ्याच कारणानं. मूळ गाणं पांढरी सहामध्ये आहे. कडवं खाली, जवळजवळ बोलल्यासारखं, आणि मुखडा एकदम वर. भाचीचा आवाज मुखड्यात फाटायला लागला म्हणून तिनं फर्मावलं, "मायनस थ्री कर." कराओकेच्या ट्रॅकवर तसं लिहिलेलं असतं. मी म्हटलं, "तीन पट्ट्या खाली म्हण." फळी सरकवली. मुखडा बसला, पण कडवं इतकं खोल गेलं की तिच्या गळ्यातून नुसती हवा यायला लागली. परत वर नेलं, की मुखडा फाटला. अर्धा तास मी ती फळी इकडून तिकडं, तिकडून इकडं सरकवत होतो, सुतार रंधा मारतो तशी. मग तिनं स्वतःच युकुलेले खाली ठेवली आणि म्हणाली, "हे अजून दोन वर्षांनी." अडेलचा गळाच तेवढा लांब-रुंद आहे.

आपल्याकडं पट्टी गाणाऱ्याची असते. बाई आली की तंबोरे काळी चार-पाचला, पुरुष आला की पांढरी-काळी एकच्या आसपास. षड्ज मध्यात ठेवायचा, म्हणजे खाली मंद्रात आणि वर तारात फिरायला सारखी जागा राहते. मुलाखतीत सुद्धा 'आपली पट्टी कोणती' असं विचारतात. या पोरांना पट्टी रेकॉर्डबरोबर मिळते. जिथं मूळ गायक गायला तिथंच ट्रॅक, आणि तिथंच ही तेरा वर्षांची कोवळी पोरं मानेची शीर ताणून पोचायला बघतात. आवाज दुखायला लागला की वाटतं, आपल्याला गाता येत नाही. कुणीतरी तीन पट्ट्या खाली न्यायला हवं असतं, बाकी काही नाही. भाची यात हुशार. एड शीरनचं 'परफेक्ट' तिनं काढलं तेव्हा मी पेटीवर मूळ पट्टी पाहिली तर काळी चार! म्हटलं, ही तर आमच्या बायकांचीच पट्टी, बसेल. नाही बसलं. चाल षड्जाच्या कुठल्या बाजूला हिंडते त्यावर सगळं, नुसत्या पट्टीच्या नावावर नाही. तीस वर्षं पेटी वाजवून मला हे एका लाल केसांच्या इंग्रजाच्या गाण्यानं शिकवलं. (हा माणूस २०२५च्या जानेवारीत पुण्यात येऊन गाऊन गेला. भाचीला नेलं नाही म्हणून आमच्याकडं तीन दिवस अबोला होता.)

'परफेक्ट'नं आणखी एक दिलं. मला कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे तीन सूर, वाजवता येत नव्हते. आमची साथ म्हणजे एकेरी रेघ. गायक जातो तिथं बोट जातं. भाचीनं युकुलेलेवर दाखवलं. सी कॉर्डला फक्त एक बोट, सगळ्यात खालच्या तारेवर तिसऱ्या घरात. ए मायनरलाही एकच बोट, सगळ्यात वरच्या तारेवर दुसऱ्या घरात. एफला दोन, जीला तीन. "बघ, एक, एक, दोन, तीन. संपलं." मी ते माझ्या भाषेत डायरीत उतरवून घेतलं: साऽगप, धसाग, मधसा, पनिरे. या चार मुठी या क्रमानं फिरवत राहिलं की 'परफेक्ट' होतं, दादऱ्याच्या अंगानं डोलणारं. त्याच चार, त्याच क्रमानं, सरळ चालीत वाजवल्या की बेन ई. किंगचं १९६१ सालचं 'स्टँड बाय मी'. क्रम बदलून सागप, पनिरे, धसाग, मधसा केलं की बीटल्सच्या 'लेट इट बी'ची सुरुवात, आणि तीच अडेलच्या त्या मुखड्यातही. साठ वर्षांचं पॉप संगीत माझ्या डायरीच्या दोन ओळींत मावलं, असं मी विजयी मुद्रेनं भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मामा, ते सगळ्यांना माहितीय."

'स्टँड बाय मी' आमच्याकडं राहिलं ते मात्र तळमजल्यावरच्या मुलामुळं. तो नववीत. कंठ फुटतोय. एका वाक्यात त्याचा आवाज कोंबडा, बाप आणि दाराचं बिजागर अशा तिघांचा असतो. गेल्या वर्षापर्यंत शाळेच्या प्रार्थनेत पुढं उभा राहायचा, आता तोंडच उघडत नाही. भाचीनं त्याला ओढून आणलं. त्या गाण्याची चाल साधारण सप्तकभर फिरते, उड्या नाहीत. मी ती त्याच्या सध्याच्या आवाजात जी जागा शाबूत होती तिथं नेऊन ठेवली. पांढरी पाच निघाली, खालची. पहिल्या कडव्यात बिजागर दोनदा वाजलं. भाची हसली नाही. मला वाटतं मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा मोठी झालेली पाहिलं, पण हे तिला सांगणं म्हणजे दुसरा अबोला.

टाळीचा मात्र घोळ झाला. मी समेवर टाळी देणारा माणूस. एक. ही दोघं दोनवर आणि चारवर देतात. मी एकवर, ती दोनवर, तो तीनवर चुकून, आणि आई स्वयंपाकघरातून विचारते, काय पडलं? मला त्या दोन-चारची सवय लागायला महिना गेला. अजूनही बेसावध असलो की हात एकवर पडतो. शेवटी भाचीनं मला क्वीनच्या 'वुई विल रॉक यू'वर बसवलं. दोनदा पाय आपटायचा, एकदा टाळी, मग गप्प. १९७७ साली ब्रायन मेनं ते लिहिलं तेच मुळी श्रोत्यांनी वाजवावं म्हणून. कार्यक्रम संपल्यावर लोक घरी न जाता बँडसाठी गायला लागले, तेव्हा त्याला वाटलं की यांना एखादं काम द्यावं. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारला जन्मलेला फरूख बलसारा, आपल्या पाचगणीला सेंट पीटर्समध्ये शिकला आणि तिथंच पोरांच्या बँडमध्ये पियानो बडवायचा, हे मी सांगितलं तर दोघंही मला खोटं पाडायला मोबाइलवर धावली. खरं निघाल्यावर मुलगा म्हणाला, "आम्ही तिथं सहलीला गेलो होतो. फक्त स्ट्रॉबेरी दाखवली."

माझं स्वतःचं आवडतं या सगळ्यात एकच, आणि तेही यादीतलं नव्हे. न्यूझीलंडच्या लॉर्ड नावाच्या गायिकेचं 'रॉयल्स'. तिनं ते १५व्या वर्षी लिहिलं, शाळेच्या सुट्टीत. एका मासिकात बेसबॉलच्या खेळाडूचा फोटो पाहिला, त्याच्या छातीवर 'रॉयल्स' हा शब्द होता, तो तिला आवडला. २०१३ साली ती १६ वर्षांची असताना हे गाणं अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. विषय काय, तर गाण्यांमधून आम्हाला सतत हिरे-मोती, महागड्या गाड्या दाखवता, आमच्या घरी असलं काही नाही आणि आम्हाला ते नकोही. भाचीच्या वर्गात अर्धी मुलं परदेशी सहलींचे फोटो दाखवतात आणि ही दापोलीला जाते. तिला हे गाणं समजवावं लागलं नाही. साथीला वाद्यं जवळजवळ नाहीतच: चुटक्या, खालचा ठोका, आणि तिच्याच आवाजाचे थर.

पेटीवर शोधायला बसलो. षड्ज पांढरी दोन. वरचा षड्ज गाठायला जाताना शुद्ध निषाद लावला तर कर्कश, खोटं. एक पट्टी उतरलो आणि घर सापडलं. कोमल निषाद! बाकी सगळे शुद्ध. म्हणजे खमाजाचे स्वर. ऑकलंडच्या पोरीनं ते खमाज म्हणून घेतले नाहीत हे मलाही कळतं, पण माझं बोट जिथं जाऊन बसलं ती जागा मी तीस वर्षं ओळखतो. मग सापडत गेलं. 'हे ज्यूड'चा शेवट, तो चार मिनिटं चालणारा, नुसता ना-ना-नाचा, त्याच्या साथीतही हाच कोमल निषाद येतो. पॉल मॅकार्टनीनं ते १९६८ साली जॉन लेननच्या पाच वर्षांच्या मुलासाठी रचलं होतं, आईबाप वेगळे होत असताना. माझ्या यादीतलं भाचीनं घेतलेलं एवढं एकच गाणं, आणि तेही त्या शेवटासाठी. तिचं म्हणणं, "हे तुमच्या भजनाच्या शेवटासारखं आहे, सगळे उठेपर्यंत तेच तेच." नामगजराचं इतकं नेमकं वर्णन मी ऐकलं नव्हतं.

पण ती स्वतः, एकटी असताना, यातलं काही गात नव्हती. एकटी असताना ती आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायची आणि बराच वेळ काही ऐकू यायचं नाही. मला वाटायचं फोनवर बोलतेय. एकदा चहाला हाक मारायला गेलो तर लक्षात आलं की ती गातेय. ओठांच्या आतल्या आत. पंख्याचा आवाज त्याहून मोठा होता.

"मोकळा सोड की आवाज," मी म्हणालो. माझ्या गुरुजींचं वाक्य. त्यांच्या गुरुजींचंही हेच असणार.

"हे असंच आहे," ती म्हणाली. "बिली आयलिश. 'ओशन आइज'."

मग तिनं इअरफोनची एकेक गोळी दोघांच्या कानात घालून मला ते ऐकवलं. गाणं भावानं, फिनियसनं लिहिलेलं. लॉस एंजेलिसच्या घरात, झोपायच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं. बिलीच्या नाचाच्या शिक्षकाला नाच बसवायला हवं होतं म्हणून २०१५च्या नोव्हेंबरात ते इंटरनेटवर चढवलं. तेव्हा ती १३ वर्षांची होती. "माझ्याएवढी," भाची म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता पुढं म्हणाली, "तिचा पहिला अल्बम सुरू होतो ना, तेव्हा ती दातांवरची पट्टी काढते त्याचा आवाज आहे. आणि मग हसते." तिनं तारांवरून जीभ फिरवली.

मी दोन खोल्यांच्या घरात वाढलेला माणूस. मला कळायला हवं होतं. भिंती पातळ, पलीकडं टीव्ही, अलीकडं आजी, खाली पार्किंगमध्ये सगळी ओळखीची. अशा घरात तेरा वर्षांच्या मुलीला जे म्हणायचंय ते मोकळ्या आवाजात कसं म्हणेल? आमचे जुने नट शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या माणसाला ऐकू जावं म्हणून आवाज फेकायचे, कारण फेकण्यावाचून इलाज नव्हता. मायक्रोफोन आला आणि अमेरिकेत बिंग क्रॉसबीसारखे लोक कानात बोलल्यासारखं गायला लागले. १९३२ साली बॉस्टनच्या कार्डिनलसाहेबांनी, म्हणजे तिथल्या बड्या धर्मगुरूंनी, त्या गाण्याला भरपूर नावं ठेवली. आपलं भावगीतसुद्धा रेकॉर्ड आणि रेडिओच्या अंगणातच वाढलं. आणि मी मात्र गाणाऱ्या पोरीला सांगत होतो, मोकळा सोड.

साथ करायला बसलो तेव्हा खरी पंचाईत कळली. पेटी या वाद्याला कुजबुज येत नाही. दोन सुरांच्या सेटवर भाता नेहमीसारखा मारला की ती पोर त्यात बुडून जायची. मी एक सेट बंद केला. भाता चार बोटांऐवजी करंगळीनं ओढायला लागलो. कॉर्डमधला मधला स्वर काढून टाकला, मग वरचाही; नुसता सा आणि प राहिले, तेही ओळीच्या सुरुवातीला एकदा. गाणं तीन पट्ट्या खाली आणलं होतं, तिथं तिचा आवाज मुखड्यात न फाटता पातळ व्हायचा, दुधावरच्या सायीइतका. शब्द लांबवताना ती एक चूक करायची, 'आइज'मधला 'इ' लगेच लावून टाकायची आणि सूर चिमटल्यासारखा व्हायचा. "आकार धर," मी सांगितलं. "आऽऽऽ, आणि जाता जाता इ." तेवढं एक आमच्या तालमीतलं तिला चाललं. ती वाट बघायची, मी वाट बघायचो, आणि मधे पंखा.

गणपतीत सोसायटीच्या विविध गुणदर्शनात तिनं नाव दिलं. गणपतीसमोर इंग्रजी गाणं म्हटल्यावर कुणीतरी फाटे फोडणार, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं: ज्या पेटीवर आपण आरत्या म्हणतो ती पेटीच मुळात पॅरिसची, १८४०च्या सुमारास अलेक्झांडर दबेन नावाच्या कारागिरानं घडवलेली, आणि हातानं भाता ओढायची आपली बैठी पेटी पुढं कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी केली. हे सगळं मी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. कार्यक्रमवाल्या काकांनी एवढंच विचारलं, "किती मिनिटांचं आहे?"

"साडेतीन."

"बसवा फॅन्सी ड्रेसनंतर."

साउंडवाल्याला मी आधी सांगितलं होतं की आवाज हलका आहे, माइक जवळचा द्या आणि एको काढा. त्यानं मान डोलावली. त्याच्या आधीच्या आयटमला एको लागत होता, तो तसाच राहिला. भाचीनं पहिला शब्द उच्चारला आणि तो मांडवाच्या पत्र्याला चार ठिकाणी धडकून, मागच्या भेळेच्या टेबलापर्यंत जाऊन, धुकं होऊन परत आला. पुढच्या रांगेत फॅन्सी ड्रेसमधला एक झाशीची राणी आणि एक मोबाइलचा टॉवर भांडत होते. लोक बोलत होते. वाईटपणानं नव्हे, त्यांना गाणं सुरू झालंय हेच कळलं नव्हतं. मी करंगळीनं भाता ओढत होतो, सा आणि प. एकदा वाटलं दुसरा सेट उघडावा, जोरात वाजवावं, निदान पेटी तरी पोचेल. तिच्याकडं बघितलं. डोळे मिटलेले. ती दार लोटून घेतलेल्या खोलीत होती. मी सेट उघडला नाही.

तळमजल्यावरचा मुलगा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. हळूच टाळी देत होता. दोनवर आणि चारवर.

संपलं तेव्हा नेहमीसारख्या, उपचाराच्या टाळ्या झाल्या. खाली उतरल्यावर भाची थेट आजीच्या खुर्चीशी गेली आणि काहीच न बोलता उभी राहिली. आईनं तिच्या हातात पेढा ठेवला आणि म्हणाली, "मला ऐकू नाही आलं काही. पण सुरात होतीस."

"आजी, ऐकू नाही आलं तर कसं कळलं?"

"मामाकडं बघत होते ना. चुकली असतीस तर त्यानं तोंड वाकडं केलं असतं."

भाचीनं पेढा अख्खा तोंडात टाकला. तारांत अडकला. मग बोळकी बोलल्यासारखी मला म्हणाली की पुढच्या शनिवारी 'रॉयल्स' घेऊया, तिघांनी, आणि चुटक्यांना माइक नको.